खाऱ्या पाण्यातली जुनी आऊटबोर्ड मोटर: उघडण्यापासून नदीत उतरवण्यापर्यंत

गोव्यात मांडवीच्या उत्तर काठावरच्या गावांत, शापोऱ्याच्या धक्क्यालगत किंवा सासष्टीतल्या साळ नदीच्या बाजूला जुन्या घरांच्या पडवीत पाहिले, तर एखादी आऊटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचे इंजिन, भिंतीला टेकून उभी असलेली हमखास दिसते. वरचे कव्हर विटलेले असते, पंख्याला नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला असतो आणि घरचे सांगतात, ‘ती बंद पडली, मग तशीच राहिली.’ माझ्याकडे आलेली साठच्या दशकाच्या अखेरची, १८ अश्वशक्तीची, दोन सिलिंडरांची इव्हिनरूड अशीच आली. ती पुन्हा चालती करताना, आणि नंतर ओळखीच्या रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, यामाहा व सुझुकी मोटरींवर हात चालवताना, एक गोष्ट माझ्या ध्यानात पक्की बसली. या मोटरी वयाने क्वचितच मरतात. त्या मरतात आत साचलेल्या मिठाने, टाकीत शिळ्या झालेल्या पेट्रोलने आणि दुरुस्त करणाऱ्याच्या घाईने. म्हणून खालील कामाचा क्रम ठरवताना मी आधी तपासणी, मग उघडणे आणि सर्वांत शेवटी रंग असा ठेवला आहे, आणि तो मोडू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मोटर कोणती, आणि ती हात लावण्यालायक आहे का

मोटर होडीला आवळणाऱ्या ब्रॅकेटवर सहसा एक धातूची पट्टी असते. तिच्यावरचा मॉडेल क्रमांक आधी ब्रशने घासून, खडू चोळून वाचून घ्यावा, कारण पुढे इंपेलरपासून (पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्रापासून) गॅस्केटपर्यंत प्रत्येक भाग त्या क्रमांकावरूनच मागवावा लागतो. जॉन्सन आणि इव्हिनरूड ही एकाच कंपनीची दोन नावे असल्यामुळे त्यांचे बरेचसे आतले भाग एकमेकांना चालतात. १९८० आणि त्यानंतरच्या या मोटरींच्या क्रमांकात वर्ष अक्षरांनी लिहिलेले असते. इंग्रजी ‘इंट्रोड्यूसेस’ या शब्दातली दहा अक्षरे, म्हणजे आय, एन, टी, आर, ओ, डी, यू, सी, ई, एस, ही क्रमाने १ ते ९ आणि शेवटी ० अशी धरावीत. क्रमांकाच्या अखेरीस सी आणि एन ही अक्षरे लागोपाठ आली, तर ती मोटर १९८२ ची समजावी. त्यांच्याही पुढे असलेले एकटे अक्षर वर्षाचे नसून आवृत्तीचे असते, एवढे लक्षात ठेवावे.

मूळ कंपनीचे दिवाळे २००० साली वाजले, तिची नावे दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि २०२० साली इव्हिनरूडचे उत्पादनही थांबले. तरीही इंपेलर, पॉइंट, कॉइल, कार्बोरेटरचा संच असे झिजणारे भाग इतर उत्पादक आजही बनवतात. अडचण येते ती गिअर, क्रँकशाफ्ट आणि कव्हर यांची. यामाहाने पहिली आऊटबोर्ड १९६० साली काढली आणि तिच्या टू-स्ट्रोक मोटरी आपल्या किनाऱ्यावर इतक्या वापरात राहिल्या आहेत, की पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने शक्यतो यामाहा निवडावी, असे मी सुचवेन. दुर्मीळ मोटर मिळाल्याचा आनंद पहिला गिअर तुटेपर्यंतच टिकतो.

विकत घेण्यापूर्वी, किंवा फुकट मिळत असली तरी घरी आणण्यापूर्वी, चार गोष्टी पाहाव्यात. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचे जड चाक, हाताने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते का. गिअर पुढे-मागे पडतो का. लोअर युनिटच्या, म्हणजे गिअर आणि पंखा असलेल्या पाण्यातल्या भागाच्या, खालच्या टोकाला धातू फुटलेला किंवा वेल्डिंग केलेला आहे का. आणि शाफ्टची लांबी आपल्या होडीच्या मागच्या फळीला जुळते का. आखूड शाफ्ट साधारण १५ इंचांचा आणि लांब शाफ्ट २० इंचांचा असतो. आखूड शाफ्टची मोटर उंच फळीला लावली, तर पंखा हवा ओढतो आणि पंपाला पाणी मिळत नाही.

फ्लायव्हील अडकलेले असेल, तर दोरी ओढून ते सोडवण्याचा मोह टाळावा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि टू-स्ट्रोक ऑइल यांचे मिश्रण सोडावे, मोटर आडवी ठेवावी आणि आठवडाभर रोज थोडे थोडे ओतत राहावे. नंतर फ्लायव्हीलच्या नटावर लांब पाना लावून, नट आवळला जाईल त्याच दिशेने, हलका दाब द्यावा. माझी मोटर नवव्या दिवशी सुटली. आठव्या दिवशी हातोडा उचलला असता, तर मी आज हे लिहीत नसतो.

फिरणाऱ्या मोटरीची पुढची परीक्षा कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबाची. दोन्ही प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडावा, प्लगच्या वायर इंजिनच्या धातूला टेकवून ठेवाव्यात आणि गेज लावून दोरी पाच-सहा वेळा जोरात ओढावी. येणारा आकडा गेजगणिक बदलतो, म्हणून त्यापेक्षा दोन सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा मानावा. तो १० टक्क्यांच्या आत असेल, तर काम पुढे न्यावे. एक सिलिंडर ९० पीएसआय आणि दुसरा ५० दाखवत असेल, तर रिंगा कार्बनने चिकटल्या आहेत की हेडचे गॅस्केट गेले आहे, याचा उलगडा होईपर्यंत इतर कशावरही पैसे खर्च करू नयेत.

खाऱ्याने धरलेले बोल्ट

गोव्यात या कामातला अर्धा वेळ इथेच जातो. अॅल्युमिनियमच्या अंगात पोलादी बोल्ट, त्यात खारे पाणी, आणि वर वर्षातले चार महिने हवेत इतका दमटपणा की कपाटातले कपडेही वाळत नाहीत. या संगतीत दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी तयार होते आणि ती बोल्टाला सिमेंटसारखी धरून ठेवते.

आधी पान्याचे माप बरोबर आहे की नाही, हे पाहावे. अमेरिकी मोटरींचे बोल्ट इंचांतले, म्हणजे ७/१६ किंवा १/२ असे असतात, आणि त्यांना १२ किंवा १३ मिलिमीटरचा पाना ‘जवळजवळ’ बसतो. जवळजवळ बसणारा पाना डोके गोल करतो. इंचांचा एक साधा सॉकेट संच आधी घ्यावा. यामाहा आणि सुझुकीला मिलिमीटरचेच पाने लागतात.

बोल्टावर भेदक तेल सोडून एक रात्र ठेवावे, सकाळी बोल्टाच्या डोक्यावर लहान हातोड्याने सरळ ठोके द्यावेत आणि मग आधी आवळण्याच्या दिशेने किंचित, नंतर सोडण्याच्या दिशेने असा तो हलवावा. तरीही हलत नसेल, तर टॉर्चने बोल्टाला नव्हे, त्याच्या भोवतीच्या अॅल्युमिनियमला उष्णता द्यावी. अॅल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक फुगते, त्यामुळे भोक सैल होते. टॉर्च पेटवण्यापूर्वी टाकी, नळी आणि कार्बोरेटर त्या जागेपासून दूर ठेवलेले असावेत; तेलाने भिजलेली जागा पुसून कोरडी केलेली असावी. गरम, थंड, तेल, पुन्हा गरम, असे तीन-चार फेरे करण्याची तयारी ठेवावी. पाना लावल्यावर बोल्ट स्प्रिंगसारखा लवचिक वाटू लागला, तर तो सुटत नसून पिळत आहे, असे समजून लगेच थांबावे.

बोल्ट तुटलाच, तर मध्यावर पंच मारून आधी बारीक आणि मग जाड ड्रिल वापरावे. आटे खराब झाल्यास हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे, बसवून घ्यावा. हे काम स्वतः पहिल्यांदा करत असाल, तर त्यासाठी दुसऱ्या भंगार मोटरीवर सराव करावा. किंवा ते चांगल्या लेथवाल्याकडे न्यावे, त्यात कमीपणा नाही. परत जोडताना प्रत्येक बोल्टाच्या आट्यांना मरीन ग्रीस लावावे. तांब्याची पूड असलेले ग्रीस मात्र खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियमला खाते, म्हणून ते इथे वापरू नये.

ठिणगी

प्लग वायरमध्ये बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनला टेकवून दोरी ओढली आणि ठिणगी दिसली, एवढ्याने समाधान मानू नये. उघड्या हवेत दिसणारी क्षीण ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली विझते. ठिणगी साधारण ६ मिलिमीटरची फट ओलांडते का, हे पाहणारा स्वस्त टेस्टर मिळतो, तो घ्यावा. ठिणगी निळी आणि कडक असावी. पिवळी व बारीक असेल, तर फ्लायव्हील काढणे भाग आहे. तत्पूर्वी मोटर बंद करणाऱ्या किल स्विचची वायर सोडून पुन्हा एकदा पाहावे. गंजलेला किल स्विच आतल्या आत ठिणगी दाबून टाकत असतो आणि दोष मात्र कॉइलवर येतो.

फ्लायव्हील क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेले असते. ते काढण्यासाठी फ्लायव्हीलवरच्या तीन भोकांत बोल्ट घालून ओढणारा पुलर वापरावा. काठाला नखे अडकवणारा पुलर चाकाला वाकवतो, आणि शाफ्टच्या टोकावर मारलेला हातोडा बेअरिंगपर्यंत पोहोचतो. पुलर ताणून झाल्यावर त्याच्याच मधल्या स्क्रूवर एक टोला दिला, की फ्लायव्हील ‘टक्’ असा आवाज करून सुटते.

आत दोन कॉइल, दोन कंडेन्सर आणि पॉइंटचे, म्हणजे कॅमने उघडझाप होऊन ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांचे, दोन संच दिसतील. त्या काळच्या जॉन्सन-इव्हिनरूडच्या कॉइलींचे वेष्टण उन्हाने आणि वयाने तडकते. तडा दिसला, तर कॉइल आज ठिणगी देत असली तरी बदलावी, कारण गरम झाल्यावर तीच दगा देते. पॉइंटच्या तोंडावर राखाडी थर असतो. तो बारीक एमरी पेपरने हलक्या हाताने घासावा आणि नंतर अॅसिटोनमध्ये बुडवलेला कोरा कागद पॉइंटमध्ये धरून दोन-तीनदा ओढावा. एमरीचा एक कण राहिला, तरी पॉइंट पुन्हा काळे पडतात, ही पायरी अनेकजण गाळतात.

फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे ०.५ मिलिमीटर ठेवावी. ती मोजताना कॅमचा सर्वांत उंच भाग पॉइंटच्या पट्टीखाली आलेला असावा, आणि फिलर गेज सरकताना जेमतेम अडावे. शाफ्टवरचा कॅम काढला असेल, तर त्यावर कोरलेली ‘टॉप’ ही खूण वरच्या बाजूला येईल असाच तो परत घालावा. तो उलटा बसला, की ठिणगी चुकीच्या वेळी पडते आणि मोटर कार्बोरेटरमधून खोकत राहते. मी स्वतः या चुकीत एक रविवार घालवला आहे. प्लगची वायर तांब्याच्या तारेचीच असावी. मोटारगाडीची कार्बनवाली वायर मॅग्नेटोवर, म्हणजे फ्लायव्हीलमधल्या चुंबकाने वीज तयार करणाऱ्या या यंत्रणेवर, चालत नाही. फ्लायव्हील परत बसवताना शाफ्टचा निमुळता भाग आणि चाकाचे भोक अॅसिटोनने पुसून कोरडे करावे. तिथे तेल राहिले, तर चाक सरकून त्याची चावी कापली जाते. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवरच आवळावा.

पेट्रोल, आणि आजचे पेट्रोल

जुन्या मोटरीच्या टाकीतले पेट्रोल हुंगून पाहावे. वार्निशसारखा वास आला, तर ते ओतून द्यावे, पण गटारात किंवा नदीत नव्हे. नळी आणि तिच्यातला रबरी फुगा बाहेरून चांगले दिसले तरी बदलावेत, कारण आजच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि पन्नास वर्षांपूर्वीचे रबर त्यासाठी बनलेलेच नव्हते. रबर आतून मऊ होऊन त्याचे काळे कण कार्बोरेटरमध्ये जातात. नवी नळी इथेनॉलला टिकणारी म्हणून छापलेलीच घ्यावी.

इथेनॉलचा दुसरा त्रास पाण्याचा. ते हवेतली वाफ शोषून घेते. आषाढातल्या हवेत अर्धी रिकामी टाकी महिनाभर ठेवली, की एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि फुगा दाबल्यावर पहिल्यांदा तेच मोटरीत जाते. म्हणून तेल मिसळलेले पेट्रोल लागेल तेवढेच तयार करावे आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावे. तिसरा त्रास फार कमी लोकांना ठाऊक आहे. त्या काळच्या कार्बोरेटरमधला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, पुष्कळदा बुचाचा, म्हणजे कॉर्कचा असतो आणि त्यावर लाखेचा थर दिलेला असतो. इथेनॉल ती लाख विरघळवते, कॉर्क पेट्रोल पिऊन जड होतो आणि कार्बोरेटर वाहू लागतो. मिळत असल्यास प्लॅस्टिकचा फ्लोट बसवावा. न मिळाल्यास कॉर्क पूर्ण वाळवून, घासून त्यावर इन्स्टंट ग्लूचे दोन पातळ थर द्यावेत.

कार्बोरेटर उघडल्यावर रबर, फायबर व कॉर्कचे सर्व भाग बाजूला काढून धातूचे अंग क्लीनरमध्ये भिजवावे. जेटची भोके तांब्याच्या एका बारीक तारेने मोकळी करावीत; पोलादी तारेने भोक मोठे होते आणि मग मोटर कायमची जास्त पेट्रोल पिते. प्रत्येक मार्गातून हवा मारून ती दुसऱ्या टोकाला येते का, हे बोटाने तपासावे. फ्लोट जोडून कार्बोरेटर उलटा धरला असता फ्लोटची कड अंगाच्या कडेला समांतर दिसावी. दोन सुयांचा कार्बोरेटर असेल, तर सुया आत हलक्या हाताने टेकेपर्यंत फिरवून, मंद वेगाची सुई दीड फेरा आणि पूर्ण वेगाची सुई एक फेरा बाहेर काढून सुरुवात करावी. नंतरच्या मॉडेलांत पूर्ण वेगासाठी सुईऐवजी ठरावीक भोकाची जेट असते, तिला हात लावण्याचे कारण नाही.

तेलाचे प्रमाण मॉडेलवर ठरते. जॉन्सन-इव्हिनरूडच्या १९६४ पूर्वीच्या मोटरींना साधारणपणे २४ भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे १० लिटरला सुमारे ४२० मिलिलिटर लागते. त्यानंतरच्या बहुतेकांना ५० ला १, म्हणजे १० लिटरला २०० मिलिलिटर. ते तेल टीसी-डब्ल्यू-३ या खुणेचे मरीन टू-स्ट्रोकच असावे. स्कूटरचे टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते आणि पाण्याने थंड होणाऱ्या मोटरीत ते प्लगवर राखेचे थर बसवते. नव्या रिंगा घातल्या असतील, तर पहिली टाकी दुप्पट तेलाची ठेवावी.

आपल्याकडचे अनेक मच्छीमार केरोसीनवर चालणाऱ्या मोटरी वापरतात, त्यामुळे ‘जुन्या मोटरीतही ते घाल, स्वस्त पडेल’ असा सल्ला हमखास मिळतो. केरोसीनच्या मोटरी कमी कॉम्प्रेशनच्या बनवलेल्या असतात. त्या पेट्रोलवर सुरू करून, गरम झाल्यावर केरोसीनवर घेतात आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणतात. केवळ पेट्रोलच्या मोटरीत केरोसीन घातले, तर ती ठोकू लागते आणि काही दिवसांत पिस्टनला भोक पडते.

पाणी चढते का

इंपेलर हा पाणी वर चढवणाऱ्या पंपातला रबरी पात्यांचा लहानसा भाग आहे आणि तो न विचारता बदलावा. जुना कितीही बरा दिसो, त्याची पाती एकाच बाजूला वळून राहिलेली असतात. त्यासाठी लोअर युनिट खाली उतरवावे लागते. काही मोटरींत त्याआधी गिअरचा रॉड एका लहान झाकणामागून सोडवावा लागतो. तो न सोडता ओढाओढ केली, तर रॉड वाकतो.

पंपाचे घर काढल्यावर आतल्या भिंतीवर आणि खालच्या पट्टीवर नखाला लागतील अशा खाचा आहेत का, हे पाहावे. असल्यास तेही बदलावे. नवा इंपेलर साबणाच्या पाण्याने किंवा ग्लिसरीनने ओला करावा, त्याची लहान चावी जागी आहे याची खात्री करावी, आणि ड्राइव्हशाफ्ट वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत घर खाली दाबावे, म्हणजे पाती बरोबर वळतात. युनिट परत चढवताना पाण्याची तांब्याची नळी पंपाच्या रबरी तोंडात शिरली पाहिजे. ती बाहेर राहिल्याचे मोटर तापल्यावरच कळते. ड्राइव्हशाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावावे, पण त्याच्या वरच्या सपाट टोकाला लावू नये. तिथे अडकलेले ग्रीस शाफ्टला पूर्ण वर जाऊ देत नाही.

आता मिठाचे. हेड उघडले, की सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या मार्गात पांढरा, खडूसारखा थर दिसतो. आधी लाकडी काडीने जेवढा निघेल तेवढा काढावा. उरलेल्यासाठी मी घरचा माडाच्या सुरेचा विनेगर पाण्यात मिसळून वापरला. विंदालूला लागतो त्याहून बराच जास्त लागला आणि घरात त्यावरून बोलणीही खावी लागली. मात्र आम्ल अॅल्युमिनियमलाही खाते, म्हणून पंधरा-वीस मिनिटांपलीकडे ते ठेवू नये आणि नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवावे. थर्मोस्टॅट असेल, तर तो थर्मामीटरसह पातेल्यातल्या पाण्यात लटकवून साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला उघडतो का, हे पाहावे. तो काढून फेकून देण्याची जी सवय आहे, ती चुकीची आहे. मग मोटर थंडच राहते आणि प्लग वारंवार ओले होतात.

लोअर युनिट आणि पंखा

खालचा आणि वरचा स्क्रू काढून गिअर ऑइल एका काचेच्या भांड्यात घ्यावे. ते चहासारखे दुधाळ असेल, तर आत पाणी आहे. बारीक चंदेरी चमक थोडी चालते, पण चिपांसारखे तुकडे दिसले तर गिअर उघडावेच लागतील. पाणी शिरण्याचे आपल्याकडचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे पंख्यामागे गुंडाळलेला नायलॉनचा धागा. तो शाफ्टच्या सीलमध्ये शिरून त्याला कापतो. पंखा काढून हा भाग दर महिन्याला पाहावा. सील बदलल्यावर युनिटमध्ये सायकलच्या पंपाने पाच-सहा पीएसआयपेक्षा अधिक नाही इतकी हवा भरून ते पाण्याच्या बादलीत बुडवावे आणि बुडबुडे शोधावेत. नवे तेल खालच्या भोकातून वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरावे, आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा. वरून ओतले, तर आत हवा राहते.

जुन्या मोटरींच्या पंख्याला शिअर पिन असते. पंखा दगडाला लागला, तर गिअरऐवजी ती तुटावी हा तिचा उद्देश. तिच्या जागी पोलादी खिळा घालणारे पुष्कळ भेटतात. होडीत दोन जादा पिना, एक कॉटर पिन आणि पक्कड कायम असावी. स्वतः झिजून मोटरीचा धातू वाचवणारा जस्ताचा तुकडा, म्हणजे अॅनोड, त्या काळच्या मोटरींना बहुधा नसतो, तो जोडून घ्यावा. मांडवी आणि जुवारीच्या मुखाकडे पाणी कधी खारे, कधी पावसाने गोडे असते, आणि अशा मिश्र पाण्यात जस्तापेक्षा अॅल्युमिनियमचा अॅनोड चांगले काम करतो.

पिंपात, मग नदीत

पहिली चाचणी २०० लिटरच्या पिंपात, उघड्यावर करावी. पडवीत किंवा शेडमध्ये धुराचा कोंडमारा प्राणघातक ठरू शकतो. पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या बरेच वर असावे. मोटर सुरू झाल्यावर मिनिटाभरात पायाच्या मागच्या भोकांतून पाण्याचे तुषार दिसले पाहिजेत. यामाहासारखी बाजूने निघणारी वेगळी धार सर्व जुन्या मोटरींना नसते, म्हणून ती दिसत नाही एवढ्यावरून घाबरू नये. हेडवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो चुरचुरला, तर मोटर लगेच बंद करावी. पिंपात गिअर टाकून वेग वाढवू नये आणि कोरड्यात तर मोटर एक क्षणही फिरवू नये.

पूर्ण वेगाची सुई खऱ्या भाराखालीच लावता येते. भरतीच्या वेळी, रहदारी नसलेल्या आडव्या पट्ट्यात जावे, सोबत एक माणूस, दोन लाइफ जॅकेट, वल्हे आणि नांगर असावा. पूर्ण वेगात सुई थोडी थोडी आत घेत मोटर अडखळू लागेल तिथून पाव फेरा बाहेर आणावी. कमी पेट्रोलवर मोटर जोरात पळते आणि पिस्टन जाळते, म्हणून शंका आली तर थोडे जास्तच ठेवावे. परत आल्यावर प्लग पाहावेत. फिकट तपकिरी रंग हवा. पांढरा दिसला, तर पेट्रोल कमी पडते आहे.

बिघाड लक्षणांवरून ओळखताना

सुरूच होत नसेल, तर प्लग काढून पाहावा. तो ओला असल्यास पेट्रोल पोहोचते आहे, ठिणगीकडे वळावे. कोरडा असल्यास फुगा, नळीचा जोड आणि कार्बोरेटर असा उलटा माग काढावा. फुगा दाबत राहिले तरच मोटर चालते, याचा अर्थ पेट्रोल पंपाचा पडदा फाटला आहे किंवा नळी हवा घेते आहे. थंड असताना उत्तम चालणारी मोटर अर्ध्या तासाने बंद पडून थंड झाल्यावरच पुन्हा सुरू होत असेल, तर कॉइलवर संशय घ्यावा, आणि मोटर बंद पडल्या क्षणीच ठिणगी तपासावी; धक्क्यावर येईपर्यंत पुरावा नाहीसा होतो. मंद वेगात थरथर आणि अर्धी ताकद असेल, तर एक सिलिंडर काम करत नाही. मोटर बंद करून एका प्लगची वायर काढून ती इंजिनच्या धातूला टेकवून ठेवावी, मग सुरू करून पाहावे. जिची वायर काढूनही आवाजात फरक पडत नाही, ती बाजू मेलेली. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उलटे फवारत असेल, तर रीड व्हॉल्व्हची पात तुटली आहे. मोटर ओरडते पण होडी हलत नसेल, तर आधी शिअर पिन पाहावी. मोठ्या मोटरींत पिन नसते, तिथे पंख्याचा रबरी हब सरकलेला असतो. हब आणि पंखा यांवरून एक रंगाची रेघ ओढून ठेवली, तर सरकणे लगेच दिसते.

मोटर पाण्यात पडली असेल, तर प्रकरण वेगळे. बाहेर काढल्यावर हवेत ठेवली, की गंज तासांत सुरू होतो. गोड्या पाण्याने धुवावी, प्लग काढून, उलटी करून आतले पाणी काढावे, तेल सोडून फिरवावी आणि तीन तासांच्या आत चालू करावी. ते शक्य नसेल, तर मेकॅनिककडे नेईपर्यंत ती गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवूनच ठेवावी. मात्र फ्लायव्हील फिरवताना आत अडल्यासारखे वाटले, तर सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

पावसाळ्यात ठेवताना

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बहुतेक मोटरी घरी येतात आणि नेमके याच काळात त्यांचे सर्वांत जास्त नुकसान होते. शेवटच्या फेरीनंतर मोटर गोड्या पाण्यावर दहा मिनिटे चालवावी, नळी काढून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपवावे, प्लगच्या भोकांतून थोडे टू-स्ट्रोक ऑइल सोडून दोरी हळू दोनदा ओढावी. गिअर ऑइल आताच बदलावे, नारळी पौर्णिमेला नव्हे, म्हणजे आत पाणी असेल तर ते दोन महिने गिअरवर बसून राहत नाही. मोटर उभी ठेवावी, म्हणजे आतले पाणी गळून जाते. तिच्यावर प्लॅस्टिक गुंडाळले, तर आत घाम धरतो. जुनी सुती चादर पुरते. दर पंधरा दिवसांनी फ्लायव्हील अर्धा फेरा फिरवावे. रंग द्यायचा असेल, तर आता द्यावा: खरडून, अॅल्युमिनियमला चालणारा एचिंग प्रायमर लावून, कोरड्या दिवशी, आणि अॅनोडवर मुळीच नाही.

हँडलला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी. तिच्यावर गिअर ऑइल बदलल्याची तारीख, पॉइंटची फट, तेलाचे प्रमाण, इंपेलर कधी घातला आणि राहून गेलेले काम कोणते, हे पेन्सिलीने लिहावे. शाई गोव्याच्या पावसाळ्यात पसरते.